पाकिटावरची तारीख

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी कविता लिहितो. कवीला रेडिओवर बोलावतात ते बहुधा पावसावर, आईवर नाहीतर गझलेवर बोलायला. आजचा विषय मात्र मी मागून घेतलेला आहे. विषय आहे कंडोम. तो कसा निवडायचा, कसा ठेवायचा आणि कसा वापरायचा. घरात चार माणसं बसून ऐकत असतील, तर कृपा करून आवाज कमी करू नका. आवाज कमी करायच्या याच सवयीची गोष्ट मला आज सांगायची आहे.

माझं लहानपण सोलापुरात गेलं. वडील मागावर कामाला होते. रात्रंदिवस धोट्याची खटखट चालायची आणि त्या आवाजात आम्ही भावंडं वाढलो. आठ-नऊ वर्षांचा असेन. दवाखान्याबाहेर आम्हा पोरांना एक पुडकं सापडलं. आत फुगे! नेहमीच्या फुग्यांपेक्षा लांब, जरा बुळबुळीत, पण फुगवले की फुटता फुटत नसत. दोऱ्याला बांधून आम्ही ते गल्लीभर मिरवले. वडील कामावरून आले आणि काही न बोलता त्यांनी मला बदडलं. का मारलं, ते मला कुणी सांगितलं नाही. विचारायची सोय नव्हती. निरोधचा आणि माझा पहिला परिचय हा असा, माराचा.

पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा शब्दांचा नाद लागला. 'निरोध' हा शब्द पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या संदर्भात येतो, हे कळल्यावर गंमत वाटली. सरकारने १९६८ साली या नावाने कंडोम बाजारात आणला. तीन नग पंधरा पैशांना. चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचला. लाल त्रिकोण आणि 'हम दो, हमारे दो' भिंतीभिंतीवर आलं. माल घराघरापर्यंत गेला, पण त्याच्याबद्दल बोलणं काही घरात आलं नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. त्या दखनीत या गोष्टीला शब्द नव्हता. मराठीतही शरीराच्या त्या भागांसाठी एक तर जडजंबाल संस्कृत शब्द आहेत, नाहीतर थेट शिव्या. मधला, घरात उच्चारता येईल असा शब्द नाही. जिथे शब्द नसतो तिथे शरम येऊन बसते. त्या शरमेची किंमत कुणीतरी मोजतंच, आणि बहुतेक वेळा ती बाई असते.

आमच्या घरात ती आपाने मोजली. आपा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि नऊ वर्षांत तिला सहा बाळंतपणं झाली. पाचव्या आणि सहाव्यात वर्षाचंही अंतर नव्हतं. सहाव्या वेळी रक्ताच्या बाटल्या लावाव्या लागल्या. आपा वाचली, मूल वाचलं नाही. त्यानंतर शस्त्रक्रिया झाली ती तिचीच. पंचविशी-सव्विशीत तिची कंबर गेली ती कायमची. माझे मेहुणे वाईट गृहस्थ नव्हते. आपावर त्यांचा जीव होता. दवाखान्यात निरोध फुकट मिळतो, हे त्यांना माहीत होतं. "पण नर्सबाईंपुढे हात कसा पसरायचा?" असं ते फार वर्षांनी मला म्हणाले. एवढंच कारण. आपाच्या कमरेचं एवढंच कारण.

तुम्ही म्हणाल, तो काळ वेगळा होता. काळ वेगळा होता हे खरं. पण हिशेब फारसा बदललेला नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. कंडोम वापरणारी जोडपी ९.५ टक्के. म्हणजे कुटुंबनियोजनाचं ओझं अजूनही तिच्याच पोटावर आहे.

आता आमच्या समाजाविषयी दोन शब्द बोलतो, कारण लोक मला हटकून विचारतात. "तुमच्यात हे चालतं का?" संततिनियमनाची चर्चा इस्लामी परंपरेत फार जुनी आहे. 'अझ्ल', म्हणजे वीर्यपात बाहेर होऊ देणं, यावर फकीहांनी शतकानुशतकं ऊहापोह केला आहे. इमाम ग़ज़ाली सन ११११ मध्ये वारले. त्यांनी आपल्या 'इह्या' ग्रंथात अझ्लला मोकळीक दिली आणि त्याच्या कारणांत बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीला जपणं हेही कारण मानलं. मतभेद होते आणि आहेत. पण मला मोठी वाटते ती एक अट. बऱ्याच फकीहांनी यासाठी पत्नीची संमती लागेल असं सांगितलं. तिला विचारा, ही गोष्ट इतकी जुनी आहे. आणि आकड्यांचंच म्हणाल, तर त्याच पाहण्यांनुसार मुस्लिम स्त्रीमागे मुलांचं सरासरी प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होतं, ते २०१९-२१ मध्ये २.४ च्या आत आलं. आपाच्या पिढीच्या लेकींनी हा बदल घडवला. त्यांना कुणी भाषणं दिली नव्हती.

आणि हा विषय मराठीत मी पहिल्यांदा बोलतो आहे असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस हे स्वच्छ मराठीत लिहीत होता. आपण मात्र अजून मेडिकलच्या दुकानात बायका निघून जाण्याची वाट बघत उभे राहतो.

मीही तसाच उभा राहिलो आहे. आता माझीच चूक सांगतो.

१९९९ सालची गोष्ट. मुलगा सहा महिन्यांचा होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दुसरं मूल हवं असेल तरी निदान दोन वर्षं थांबा, हिचं शरीर भरून येऊ द्या. मी लांबच्या पेठेतल्या दुकानातून पाकीट आणलं. दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, मी न बघताच घेतलं. घरात सापडू नये म्हणून ते स्कूटरच्या डिकीत ठेवलं. सोलापूरचा मे महिना. डिकीत हात घातला तर चटका बसायचा. महिनाभर पाकीट तिथेच होतं. वर आणखी शहाणपण म्हणजे, कोरडं वाटलं म्हणून मी खोबरेल तेल लावलं. व्हायचं तेच झालं, फाटला. दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही गप्प बसलो. तेव्हा काय करायचं असतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

त्या महिन्यात तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात एका रात्री रक्तस्राव सुरू झाला. शेजाऱ्याची जीप काढली. ती मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि मला म्हणत होती, "तुम्ही घाबरू नका." गर्भपात झाला. गर्भपात पुष्कळदा कुणाच्याही चुकीशिवाय होतो, असं डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. ते खरंच आहे. पण त्या वेळी तिच्यावर ते गरोदरपण यायलाच नको होतं, आणि ते माझ्यामुळे आलं होतं. पाकीट उघडून त्यावरचं चार ओळींचं लिखाण वाचलं असतं तर पुरे होतं. दिवसभर पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने तेवढंच वाचलं नाही.

म्हणून आज मी ते तुम्हाला वाचून दाखवल्यासारखं सांगणार आहे.

पहिली गोष्ट खरेदीची. पाकीट हातात घ्या आणि तारीख बघा. वापराची मुदत त्यावर छापलेली असते. साधारण तीन ते पाच वर्षांची असते. मुदत संपलेला कंडोम फुकट मिळाला तरी घेऊ नका. आय.एस.ओ. ४०७४ हे रबरी कंडोमचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा उल्लेख आहे का बघा. चांगल्या कारखान्यात प्रत्येक नगाची विजेच्या यंत्रावर तपासणी होते, शिवाय नमुन्यादाखल काही नग पाणी भरून, हवा भरून फुटेपर्यंत तपासतात. तेव्हा सरकारी केंद्रातला फुकटचा माल कच्चाच असणार, हा समज सोडा. महाग आणि स्वस्त यांत फरक असतो तो बहुधा रंगाचा, वासाचा आणि वेष्टनाचा.

बहुतेक कंडोम लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे असतात. काहींना लॅटेक्सची ॲलर्जी असते. खाज, पुरळ, सूज आली तर 'सहन करू' म्हणू नका. पॉलियुरेथेनचे किंवा लॅटेक्स नसलेले दुसरे प्रकार मिळतात, ते विचारा. माप हीसुद्धा फुशारकीची गोष्ट नाही, चपलेसारखी सोयीची आहे. फार घट्ट असेल तर फाटतो, फार सैल असेल तर निसटतो. सर्वसाधारण माप बहुतेकांना चालतं. नाही चाललं तर पाकिटावरची रुंदी बघून दुसरं घ्या. 'वेळ वाढवणारे' म्हणून जे विकतात, त्यांत बधिर करणारं औषध असतं. ते उलट्या बाजूने लागलं तर जोडीदारही बधिर होतो, शिवाय त्वचेची आग होऊ शकते. शुक्रजंतू मारणारं रसायन लावलेले कंडोम मिळाले तरी घेऊ नका. त्याने फायदा वाढत नाही, आतल्या नाजूक त्वचेला इजा मात्र होऊ शकते.

दुसरी गोष्ट ठेवण्याची. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. कपाटाचा खण उत्तम. खिशातल्या पाकिटात, गाडीच्या डिकीत, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. उष्णतेने आणि घर्षणाने रबर कमजोर होतं, आणि ते वरून दिसत नाही.

तिसरी गोष्ट वापराची. पुडी बोटांनी दाबून बघा, आत हवेची गादी लागली पाहिजे. ती नसेल तर पुडीला कुठेतरी छिद्र आहे. पुडी कडेच्या खाचेपासून हाताने फाडा, दातांनी किंवा कात्रीने नाही. लिंग ताठर झाल्यावर आणि योनीशी कुठलाही स्पर्श होण्याआधी कंडोम चढवायचा. 'शेवटी लावू' हा हिशेब चुकीचा आहे. टोकाशी असलेली छोटी पिशवी चिमटीत धरून आतली हवा काढायची. गुंडाळलेली कड बाहेरच्या बाजूला हवी, म्हणजे तो सहज उलगडत मुळापर्यंत जातो. उलगडत नसेल तर तो उलटा धरला आहे. मग सुलटा करून तोच वापरू नका, टाकून द्या आणि नवा घ्या.

तेल लावू नका. खोबरेल, व्हॅसलीन, क्रीम, तूप, काहीही नाही. तेलाने लॅटेक्स मिनिटांत कमजोर होतं, याचा दाखला मी आहे. ओलावा हवा असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित वंगण मिळतं, ते वापरा. काही वर्षांपूर्वी, २००४ च्या सुमारास, बनारसचे विणकर धोटा सरसर चालावा म्हणून कंडोमवरचं वंगण धोट्याला लावतात अशा बातम्या आल्या होत्या. माग चालवणाऱ्यांना ते वंगण कळलं, मला कळलं नाही!

एकावर एक दोन कंडोम घालू नका. एकमेकांवर घासून दोन्ही फाटतात. स्त्रियांसाठीचा कंडोमही असतो, तो आणि पुरुषाचा असे दोन्ही एका वेळी वापरू नयेत. वीर्यपात झाल्यावर ताठरता जाण्याआधीच, कड बोटांनी धरून बाहेर यायचं. मग गाठ मारून, कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात. संडासात टाकलात तर नळ तुंबतो, आणि उघड्यावर टाकलात तर ते पुडकं पोरांच्या हाती लागतं. मी ते पोर होतो. आणि एक कंडोम एकदाच. धुऊन पुन्हा, हे कधीही नाही.

एवढं सगळं नीट केलं तर वर्षभरात शंभरांतल्या दोनेक स्त्रियांनाच दिवस जातात. आपण माणसं जसं वापरतो तसं, कधी विसरून, कधी उशिरा, वापरलं तर हा आकडा तेराच्या आसपास जातो. दोन आणि तेरा यांतला फरक रबराचा नाही, आपला आहे.

आता फाटलाच तर? आम्ही जे केलं ते करू नका. गप्प बसू नका. गर्भधारणा टाळण्याच्या तातडीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत घ्यायच्या असतात, आणि जितक्या लवकर घ्याल तितकं बरं. भारतात २००५ पासून त्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या. त्या रोज घ्यायच्या गोळ्या नव्हेत आणि गर्भ राहिल्यावर त्यांचा उपयोग नाही. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल तर तडक सरकारी रुग्णालय गाठा. संसर्ग रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव न सांगता विचारता येतं.

कारण कंडोम फक्त पाळण्यासाठी नाही. एचआयव्ही, परमा यांसारख्या रोगांपासूनही तो मोठं संरक्षण देतो. जे रोग कातडीच्या स्पर्शाने पसरतात त्यांत तो थोडा कमी पडतो, इतकंच. गोळी किंवा तांबी हे करू शकत नाही. हे आपल्याकडे कुणी शिकवलं? सांगलीत 'संग्राम' संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करत आली. त्या बायकांनीच एकमेकींना कंडोम वाटले, गिऱ्हाइकांना नाही म्हणायला शिकवलं. ज्यांना आपण बोलायला लाजतो, त्यांनी आपल्याला हे शिकवलं आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाचा निकाह झाला. आठ दिवस आधी आपा आली. आता साठी ओलांडली आहे, काठी टेकत चालते. मेंदीच्या, बिर्याणीच्या गडबडीत तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बोल्या क्या रे उसकू?" त्याला सांगितलंस का? काय, ते ती म्हणाली नाही. मला कळलं. चाळीस वर्षं तिने त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

त्या रात्री मी मुलाला गच्चीवर नेलं. सभागृहात हजार माणसांसमोर कविता वाचताना माझा घसा कोरडा पडत नाही, तेव्हा पडला. मी सुरुवात केली तसा तो हसला. "अब्बा, मला सगळं माहीत आहे. मोबाइलवर सगळं असतं." मी म्हटलं, "बरं. मग मला सांग." तो म्हणाला, "दोन घातले की डबल सेफ्टी." नंतर त्याने खिशातलं पाकीट काढून दाखवलं. आत पैशांमागे एक पुडी होती. मित्रांनी कधीतरी चेष्टेत दिली होती, तेव्हापासून तिथेच. कडा झिजलेल्या, मधोमध घडी पडलेली.

मला पुष्कळ विचारता आलं असतं. माझ्या वडिलांनी हातच उगारला असता. मी चष्मा लावला, मोबाइलच्या उजेडात पुडी धरली आणि तारीख वाचली. मुदत संपून चार महिने झाले होते.

मग आम्ही दोघं तासभर बसलो. आता तुम्हाला जे सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं, १९९९ च्या त्या रात्रीसकट. जीपची गोष्ट ऐकताना तो माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, "अम्मीने कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "सांगायचं काम माझं होतं." उठताना त्याने विचारलं, "तिला विचारू ना अब्बा, तिला मूल कधी हवंय ते?" मला वाटतं, तासभराच्या बोलण्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्याचंच होतं.

श्रोतेहो, तुमच्या घरात मुलगा असेल, पुतण्या असेल, लग्न ठरलेला भाचा असेल, तर त्याच्याशी बोला. मुलीशीही बोला, तिला हे माहीत असण्यात काही कमीपणा नाही. शब्द अडखळतील. अडखळू द्यात. कुठलाच शब्द सुचला नाही, तर एक पाकीट हातात घ्या आणि त्यावरची तारीख मोठ्याने वाचा. तिथून सुरुवात होते.

सकाळी आपा ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "बोल्या, आपा." तिने वर पाहिलं नाही. फक्त सोललेल्या पाकळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, आत नेऊन दे.

खुदा हाफिज. नमस्कार.